मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर एकच, मग जाण्यायेण्याच्या वेळा वेगळ्या का?

पार्ले_पूर्व (प्रश्न)

नमस्कार. माझी आई एकाहत्तर वर्षांची आहे. ती २० मे रोजी मुंबईहून न्यूयॉर्कला एकटी जाणार आहे आणि १२ नोव्हेंबरला तिकडून परतीला निघणार आहे. धाकटा भाऊ न्यू जर्सीत राहतो. तो तिला केनेडी विमानतळावर घ्यायला येईल. विमान थेट आहे, वाटेत कुठेही उतरायचे नाही. आईने मला एवढेच विचारले की, एका जागी नेमके किती तास बसायचे? त्याचे उत्तर काढण्यात माझ्या तीन संध्याकाळी गेल्या, तरी खात्रीने सांगावे असे काही हाती लागले नाही.

पहिला घोळ अंतराचा आहे. एका संकेतस्थळावर १२,५५० किलोमीटर असे दिले आहे, दुसऱ्यावर १२,५३० किलोमीटर. तिसरे संकेतस्थळ सुमारे ७,८०० मैल सांगते, तर चौथे ६,७७५ मैल. वीस किलोमीटरांचा फरक मी सोडून देईन, पण मैलांच्या दोन आकड्यांत हजाराची तफावत कशी पडते?

दुसरा घोळ वेळेचा. जाताना विमान रात्री १:१० ला सुटते आणि त्याच दिवशी सकाळी ७:३० ला पोहोचते. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे आहे, म्हणून सहा तास वीस मिनिटांत साडेनऊ तास मिळवले आणि १५ तास ५० मिनिटे हे उत्तर आले. येताना विमान दुपारी १२:०० ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२:५० ला मुंबईत उतरते; चोवीस तास पन्नास मिनिटांतून साडेनऊ तास वजा केले, तर १५ तास २० मिनिटे उरतात. म्हणजे फरक जेमतेम अर्ध्या तासाचा. माझा भाचा मात्र ठामपणे सांगतो की येताना दीड तास कमी लागतो. आमच्या दोघांपैकी कोण चुकते आहे?

शेवटची शंका थोडी बालिश वाटेल. उडणारी विमाने दाखवणाऱ्या नकाशावर मी काही रात्री हे विमान पाहिले. मुंबईहून निघाल्यावर ते उत्तरेकडे चढत जाते आणि उतरताना कॅनडाच्या बाजूने खाली येते. आमच्या घरातल्या भिंतीवरच्या नकाशात न्यूयॉर्क तर जवळजवळ सरळ डावीकडे आहे. मग एवढा वळसा कशासाठी?

हिशेबी_मुलुंडकर

ताई, चूक तुमची आहे, पण ती सहज होण्यासारखी आहे. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे आणतात. त्यामुळे मे महिन्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असले, तरी १२ नोव्हेंबरला ते साडेदहा तास मागे असेल. चोवीस तास पन्नास मिनिटांतून साडेदहा तास वजा केले की १४ तास २० मिनिटे राहतात. जाताना १५:५०, येताना १४:२० : तुमचा भाचा बरोबर दीड तास सांगतो आहे.

मैलांचे कोडे त्याहून सोपे आहे. रस्त्यावरचा मैल १.६०९ किलोमीटरचा असतो आणि सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. वैमानिक आणि दर्यावर्दी सागरी मैल वापरतात. १२,५५० ला दोन्हींनी भागून पाहा, तुमचे दोन्ही आकडे मिळतील.

न विचारलेली एक गोष्ट सांगतो, कारण आमच्याच घरात ती घडली आहे. २० तारखेच्या रात्री १:१० म्हणजे १९ तारखेची रात्र. आईंना १९ ला रात्री साडेनऊ-दहापर्यंत सहारला पोहोचायचे आहे. माझे सख्खे काका तिकिटावरची तारीख वाचून त्याच तारखेला रात्री सहकुटुंब, लोणच्याच्या बरण्यांसह विमानतळावर हजर झाले, तेव्हा त्यांचे विमान सुटून वीस तास होऊन गेले होते.

ठाणेकर_७२

वरचा हिशेब मान्य आहे, परंतु जाण्यायेण्यातल्या फरकाचे कारण कोणी सांगितले नाही. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. पूर्वेकडे येणाऱ्या विमानाला पृथ्वीच्या या गतीचा फायदा मिळतो आणि पश्चिमेकडे जाणाऱ्याला तोटा होतो. एवढे साधे आहे.

भूगोलाचे_सर

ठाणेकर, एवढे साधे नाही. तुमचे स्पष्टीकरण मी तीस वर्षे दरवर्षी आठवीच्या वर्गात ऐकत आलो आहे, आणि गंमत अशी की निम्मा वर्ग त्याच कारणाने बरोबर उलटे उत्तर देत असे : पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणजे न्यूयॉर्क आपल्या विमानाकडे सरकत येते, म्हणून पश्चिमेकडचा प्रवास लवकर संपला पाहिजे! एकाच कारणाने दोन विरुद्ध उत्तरे निघत असतील, तर ते कारण तपासून पाहावे लागते. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जात असते. विमान सुटण्याआधी त्याच वेगाने जात असते आणि सभोवतालची हवासुद्धा. धावत्या लोकलमध्ये तुम्ही इंजिनाच्या दिशेने चाललात किंवा उलट दिशेने चाललात, तरी डब्याच्या दुसऱ्या टोकाला पोहोचायला सारखाच वेळ लागतो. तसेच हे आहे. पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध येतो, पण तो वाऱ्यांमार्फत. विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे निघालेली उष्ण हवा पृथ्वीच्या परिवलनामुळे पूर्वेकडे वळते आणि साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान पट्टे तयार होतात. यांना जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर जातो. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचे एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले, ते याच वाऱ्याच्या जोरावर.

आता वळशाविषयी. ताईंची शंका बालिश मुळीच नाही. उलट भिंतीवरच्या नकाशावर आंधळा विश्वास ठेवणे बालिश ठरेल. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना उत्तरेकडचा भाग ताणावा लागतो, म्हणून ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते. घरात पृथ्वीचा गोल असेल, तर मुंबईवर दोऱ्याचे एक टोक धरा, दुसरे न्यूयॉर्कवर धरा आणि दोरा घट्ट ओढा. तो आपोआप उत्तरेकडे सरकेल. हेच सर्वांत कमी अंतर, १२,५५० किलोमीटरांचे. हा दोरा सिंधवरून क्वेट्ट्याच्या जवळून तुर्कमेनिस्तानात शिरतो, पश्चिम कझाकस्तान ओलांडून मॉस्कोच्या थोड्या पूर्वेकडून फिनलंडच्या आखातावर जातो, फॅरो बेटांच्या उत्तरेला जवळजवळ ६५ अंश अक्षांशापर्यंत चढतो, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला स्पर्श करतो आणि लॅब्रॅडॉरवरून खाली न्यूयॉर्ककडे येतो. याउलट सपाट नकाशावर पट्टीने रेघ मारलीत, तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागर यांवरून जाईल आणि त्या वाटेने अंतर सुमारे १४,२०० किलोमीटर भरेल. नकाशावर सरळ दिसणारी वाटच खरा वळसा आहे, साडेसोळाशे किलोमीटरांचा.

वीस किलोमीटरांचा फरकही सोडून देऊ नका, कारण तो मला फार आवडतो. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे : विषुववृत्ताकडची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, तर ध्रुवाकडची ६,३५७. एका संकेतस्थळाने पृथ्वीला चेंडू मानून गणित केले असावे आणि दुसऱ्याने तिचा चपटेपणा धरला असावा.

रात्रपाळी_सहार

सरांनी दोरा छान ओढून दाखवला. पण विमान त्या दोऱ्यावरून जात नाही. मी सहारला एका विमान कंपनीच्या डिस्पॅच विभागात बावीस वर्षे काम केले. रोजच्या उड्डाणाचा मार्ग, इंधन आणि वेळ यांचे नियोजन करणे हेच आमचे काम होते. निवृत्त होऊन चार वर्षे झाली, तरी मध्यरात्री जाग येतेच.

सर्वांत लहान वाटेवर पहिला अडथळा देशांच्या हद्दींचा येतो. दोरा मुंबईतून निघाल्यावर लगेच पाकिस्तानवर जातो, आणि पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले. २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत असेच झाले होते. पुढे रशिया लागतो. त्याचे आकाश फेब्रुवारी २०२२ नंतर अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद झाले, भारतीय कंपन्यांना नाही. म्हणजे एकाच दोन शहरांच्या दरम्यान, कंपनी कोणत्या देशाची आहे त्यावर वाट ठरू शकते. जून २०२५ मध्ये इराणचे आकाश बंद झाले, तेव्हा आखाताकडून जाणारी वाटही आक्रसली होती. अशा वेळी दिल्लीपेक्षा मुंबईची स्थिती बरी असते, कारण आपल्याला थेट अरबी समुद्रावर निघता येते. मुंबई ते दुबई साधारण १,९३० किलोमीटर आणि दुबई ते न्यूयॉर्क ११,०२० किलोमीटर, म्हणजे अगदी दुबईवरून वाकून गेले तरी एकूण १२,९५० होतात. चारशेच किलोमीटर जास्त. लंडनवरून गेल्यास तर जेमतेम दोनशे किलोमीटर वाढतात. वाटेत उतरणाऱ्या विमानांना वीस-बावीस तास लागतात ते अंतर वाढल्यामुळे नव्हे, तर मधल्या विमानतळावर ताटकळावे लागते म्हणून.

दुसरी गोष्ट अशी की आम्ही जमिनीवरच्या किलोमीटरांपेक्षा हवेतल्या किलोमीटरांचा विचार जास्त करत असू. विमानाचा वेग हवेच्या तुलनेत ठरतो आणि मोठ्या जेट विमानाचा तो ताशी सुमारे ९०० किलोमीटर असतो. हिशेबापुरते असे धरा की प्रत्यक्ष वाट १३,००० किलोमीटरांची आहे आणि सबंध वाटेवर सरासरी ५० किलोमीटर वेगाचा वारा समोरून येतो आहे. मग जमिनीच्या तुलनेत वेग उरतो ८५० आणि उडण्याला सुमारे १५ तास २० मिनिटे लागतात. परतीला तोच वारा पाठीशी आला की वेग ९५० होतो आणि १३ तास ४० मिनिटे पुरतात. दोन्हीकडे जमिनीवरची अर्ध्या तासाहून थोडी अधिक वेळ मिळवली की तुमच्या तिकिटावरच्या वेळांच्या अगदी जवळ पोहोचतो. प्रत्यक्षात वारा असा एकसारखा नसतो. म्हणूनच जाताना आम्ही जेट प्रवाह टाळून उत्तरेकडून किंवा दक्षिणेकडून वाट काढायचो आणि येताना त्याच प्रवाहात शिरायचो. परतीची वाट कधीकधी किलोमीटरांत लांब आणि तासांत आखूड असे. मे आणि नोव्हेंबर यांची तुलना करताना हेही ध्यानात घ्या की थंडीकडे झुकताना हे वारे जोर धरू लागतात.

तिसरी गोष्ट तुमच्या आईंसाठी सर्वांत उपयोगी आहे. तिकिटावरची वेळ ही दारापासून दारापर्यंतची असते : विमान आपल्या जागेवरून मागे ढकलले जाते त्या क्षणापासून तिकडे जागेवर उभे राहते त्या क्षणापर्यंत. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. मध्यरात्री परदेशी जाणाऱ्या विमानांची रांग लागते आणि इंजिने सुरू करून वीस-पंचवीस मिनिटे नुसते सरकत राहावे लागते. कॅप्टन घोषणा करताना फक्त उडण्याचा वेळ सांगतात, तिकिटापेक्षा अर्धा-पाऊण तास कमी. माझ्या सासूबाई ती घोषणा ऐकून खूश झाल्या आणि उतरल्यावर मला फोनवर म्हणाल्या, "तुमच्या लोकांनी उशीर केला." उशीर झालाच नव्हता. शिवाय वेळापत्रक आधीच जाहीर करायचे असल्याने त्यात थोडी सैलता ठेवतात. एखाद्या दिवशी विमान वीस मिनिटे लवकरही पोहोचते. त्या दिवशी कोणी फोन करत नाही.

ठाणेकर_७२

सर, चूक मान्य. लोकलचा दाखला पटला, फक्त सकाळच्या गाडीत डब्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून दाखवा.

पार्ले_पूर्व

आपणा सर्वांचे आभार. १९ तारीख मी दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहून ठेवली आहे. आईला सांगितले की जाताना सोळा तास धर, येताना साडेचौदा, आणि कॅप्टन काय म्हणतात त्याकडे लक्ष देऊ नकोस. तिने लगेच दोन प्रश्न विचारले. ती रक्तदाबाची गोळी रोज रात्री नऊला घेते. विमानात नऊ कधी वाजतात? आणि खिडकीची जागा घ्यायची तर डाव्या बाजूची की उजव्या? रात्रीचे विमान आहे, बाहेर दिसणार तरी काय, असे मला वाटते.

हिशेबी_मुलुंडकर

गोळीसाठी स्थानिक वेळ न पाहता उलटलेले तास मोजा. १९ तारखेला रात्री नऊला, निघण्यापूर्वी, गोळी झाली असेल. त्यानंतर चोवीस तासांनी भारतात २० तारखेचे रात्रीचे नऊ वाजतील, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेअकरा वाजलेले असतील आणि आई भावाच्या घरी पोहोचलेल्या किंवा वाटेवर असतील. म्हणजे विमानात गोळीची वेळ येतच नाही. तिकडे गेल्यावर ती साडेअकरावरून रात्री नऊवर कशी सरकवायची, हे मात्र त्यांच्या डॉक्टरांकडून निघण्यापूर्वी लिहून घ्या. आईंच्या मनगटावरचे घड्याळ प्रवासभर भारतीय वेळेवरच राहू द्या. किती तास झाले ते मोजणे सोपे जाते.

वेळेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ सुरू झाल्यावरही आपल्या मुंबईत १९५५ पर्यंत वेगळी मुंबई वेळ चालत होती, प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटे मागे. तेव्हा हा हिशेब करायचा झाला असता, तर ताईंच्या तीन संध्याकाळी पुरल्या नसत्या.

रात्रपाळी_सहार

उजवी बाजू घ्या, आणि पंखाच्या मागची घ्या. विमान युरोपवर असताना पश्चिमेकडे जात असते, म्हणून उजवीकडे उत्तर येते. मे महिन्याच्या उत्तरार्धात तिकडची रात्र फार लहान असते. सूर्य उत्तरेकडच्या क्षितिजाखाली थोडाच उतरलेला असतो. त्यातून विमान सूर्याच्या पुढे पुढे पळत असते. त्यामुळे उजव्या खिडकीतून क्षितिजावर तांबूस उजेडाची एक पट्टी काही तास दिसत राहते, ना पुरते उजाडते, ना अंधार होतो. सेवक खिडक्या खाली ओढायला सांगतील. आईंना म्हणावे, चार बोटे उघडी ठेवा.